दगडात उजेड किती ठेवायचा

अलाबास्टरवर नखानं ओरखडा उठतो. व्होल्तेरातल्या कारागिरानं पायाशी पडलेला तुकडा उचलून आईच्या हातात दिला, तेव्हा तिनं तेच करून पाहिलं. दुधी दगडावर बारीक पांढरी रेघ उमटली. संगमरवर असा नखाला वश होत नाही. तो चुनखडीच्या कुळातला, आणि हा अलाबास्टर म्हणजे जिप्सम. आपल्याकडच्या गणेशमूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्सम भाजूनच बनतं, असं सांगितल्यावर आईनं तो तुकडा पुन्हा उलटसुलट करून पाहिला.

व्होल्तेरा हे इटलीच्या तस्कनी प्रांतातलं, ५३० मीटरच्या आसपास उंचीवरचं तटबंदीचं गाव. मुलीला ते ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांमुळे ठाऊक होतं, नवऱ्याला एत्रुस्कन अवशेष पाहायचे होते. डोंगरउतारावर पोर्ता आल्लार्को नावाची एत्रुस्कन वेस आहे. १९४४ साली जर्मन सैन्य ती सुरुंगानं उडवणार होतं. गावकऱ्यांनी वेशीकडे जाणाऱ्या रस्त्याची फरसबंदी उखडली आणि एका दिवसात कमान दगडांनी गच्च भरून टाकली. वाट बंद झाली, वेस वाचली. त्याच रस्त्यानं खाली उतरताना आम्हाला लेथची घरघर ऐकू आली.

अलाबास्टर खाणीतून चौकोनी चिरा होऊन येत नाही. जिप्सम आणि मातीच्या थरांत तो गोट्यांच्या रूपात सापडतो, वरून मळकट, बटाट्यासारखा. कारागिरानं एक गोटा पाण्यानं ओला केला, म्हणजे शिरा दिसतात. मग लहान हातोडीनं ठोकत कान दिला. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे.

गोटा लेथवर घट्ट बसला. बाहेरचा आकार भराभर आला. खरा कस लागतो तो आतून कोरताना, कारण तिथं हत्याराचं टोक दिसतच नाही. लांब दांड्याचं हत्यार काखेत दाबून, सगळं अंग त्यावर रेलून तो काम करत होता. शेजारी धूळ ओढून घेणारा जाड नळ होता, तोंडावर मास्क होता, तरी भुवया पांढऱ्या झालेल्या. हाताला जाणवणारी थरथर आणि कानावर पडणारा आवाज, एवढ्यावरच त्याची मदार. भिंत जाड असते तोवर आवाज खालच्या पट्टीत राहतो, पातळ होत जाते तसा वर चढतो. मध्येच त्यानं लेथ थांबवला आणि वाडग्यात छोटा दिवा धरला. काठाजवळ पिवळसर उजेड आरपार आला, बुडाशी मात्र सावलीचा पट्टा राहिला. त्या पट्ट्यावर पेन्सिलीनं खूण करून त्यानं पुन्हा हत्यार उचललं. एक फेरा जास्त झाला तर वाडगा फुटतो, आणि आधीच थांबलं तर उजेड दगडातच अडकून राहतो. कुठे थांबायचं हे कळणं, हीच त्याची सगळी विद्या.

मग कानस, मग पाणी लावून बारीक होत जाणारे पॉलिशपेपर, शेवटी मेण. मुलीला त्यानं एक पेपर घासायला दिला. तिची बोटं पांढरी झाली आणि ती तिथून हलेना.

हाच दगड उकळीला आलेल्या पाण्यात हळूहळू तापवला की त्यातून उजेड जायचा थांबतो आणि तो संगमरवरासारखा दिसू लागतो. ही जुनी युक्ती आहे. मला ती पटत नाही. ज्या गुणासाठी हा दगड निवडायचा, तोच मारून टाकण्यात काय हशील?

दुसऱ्या दिवशी ग्वार्नाच्ची संग्रहालय पाहिलं. हा १७६१ साली गावाला मिळालेला संग्रह. त्यात सहाशेहून अधिक एत्रुस्कन रक्षापात्रं आहेत, त्यांतली कित्येक अलाबास्टरची. झाकणांवर मृत माणसं मेजवानीला बसावीत तशी कोपर टेकून रेललेली. दोन हजार वर्षं उलटली तरी वस्त्रांच्या चुण्या शाबूत आहेत, कारण ही पात्रं थडग्यांच्या आडोशाला राहिली. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरमागे साधारण दोन ग्रॅम. पावसात ठेवलं असतं तर ते चेहरे कधीच पुसट झाले असते.

तेव्हा व्होल्तेराला जाणार असाल, तर वेळापत्रकात कार्यशाळेसाठी तासभर राखून ठेवा. साच्यातून काढलेल्या नकला स्वस्तात मिळतात, त्या घेऊ नका. ज्यानं कोरलं त्याच्याकडूनच घ्या आणि घेण्याआधी वस्तू दिव्यासमोर धरून पाहा. घरी आणल्यावर ती पाण्यात बुडवू नका. मऊ, कोरड्या फडक्यानं पुसली की पुरे.