भाकरीशी सोयरीक

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण उठताबसता म्हणतो. परंतु ते मुळात वाकडे झाले कसे, हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. कुत्र्याचा पूर्वज जो करडा लांडगा, त्याचे शेपूट सरळच असते.

सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञाने १९५९ साली रुपेरी खोकडांची पैदास हाती घेतली. जी माणसाला कमी भितात तीच पुढील पिढीसाठी निवडावयाची, एवढाच नियम. काही पिढ्यांतच ती माणसापुढे शेपूट हलवू लागली; कित्येकांचे कान लोंबले, शेपट्या वळल्या. रूपातील या बदलांच्या कारणांविषयी वाद आहेत. स्वभाव पालटला, हे मात्र निर्विवाद.

लांडग्याचा कुत्रा झाला तो निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी, शेतीच्याही आधी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांसमवेत कुत्र्याच्या पिलाची हाडे सापडली. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. दातांवरील खुणांवरून ते पिलू कित्येक आठवडे आजारी असावे आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून इतके दिवस जगले नसते, असे अभ्यासक म्हणतात.

पुढे शेती आली व कुत्र्याने भाकरीशी सोयरीक जोडली. पिष्टमय अन्न पचविण्यास साहाय्य करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात बहुधा दोनच असतात; कुत्र्यांत त्या पुष्कळच अधिक आढळतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. आपल्या घरांतून कुत्र्यासाठी काढून ठेवलेला घास त्याच्या पोटास परका नाही, तो यामुळे.

तेव्हा गल्लीतील कुत्रा म्हणजे कोणी उपरा नव्हे. जगातील बहुसंख्य कुत्री अशी मोकळीच राहतात. त्यांना आपली हद्द असते. अनोळखी माणसावर भुंकणे हा त्या हद्दीचा पहारा होय. भाद्रपदाच्या सुमारास त्यांचा विणीचा काळ येतो, नऊ आठवड्यांनी पिले होतात आणि हिवाळ्यात त्यांची आई कोणालाही जवळ येऊ देत नाही. पळत्याच्या पाठीस लागणे हा तर त्यांच्या रक्तातील शिकारीचा अंश.

म्हणूनच आम्ही शाळेतील मुलांना बजावतो: कुत्रा अंगावर आला तर पळू नका, स्तब्ध उभे राहा, त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू नका, खाणाऱ्या कुत्र्यास व पिलांच्या आईस छेडू नका. पालकांनीही ध्यानी धरावे, की चावा वा ओरखडा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. हळद-चुना लावून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळीच घेतलेली लस मात्र त्याचे प्राण राखते.