शेजारचा सातपुडा (लेखांक ४) : खाली खारं पाणी, वर मेळघाट

गेल्या आठवड्यात आपण खारपाणपट्ट्यातून फिरलो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही, अशी गावं आपण पाहिली. याच गावांच्या उत्तरेला, आभाळ स्वच्छ असलं की, निळसर डोंगराची एक लांबलचक रांग दिसते. ती गाविलगडची रांग. आज तिच्यावर चढायचं आहे.

जुन्या वऱ्हाडाचे तीन भाग पडत. मधलं पूर्णेचं काळं खोरं म्हणजे पायनघाट, दक्षिणेचं पठार म्हणजे बालाघाट आणि उत्तरेचा डोंगराळ मुलुख म्हणजे मेळघाट. आपली शेती, बाजारपेठा, रेल्वे आणि कॉलेजं पायनघाटात वाढली, त्यामुळे वऱ्हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपाशीचं सपाट शिवार येतं. हल्ली अकोला-अमरावतीची मंडळी सुट्टीत नेपाळ-भूतानला जातात, स्वित्झर्लंडलाही जातात. अवश्य जावं. पण डोंगर माणसाला कसं जगायला लावतो, त्याच्या ताटात काय वाढतो आणि घरं कशी बांधायला लावतो, हे सगळं परतवाड्याच्या पुढं पहिला घाट चढला की दिसू लागतं. ते दिसावं म्हणून मात्र थोडी तयारी लागते. आजचा लेख त्या तयारीचा आहे.

भिंत आणि पाणी

पूर्णेचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे. चिखलदरा १११८ मीटरवर आणि त्याच्याजवळचं वैराट हे मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण ११७८ मीटरवर. ही उंची हळूहळू वाढत नाही. दक्षिणेकडून डोंगर भिंतीसारखा उभा राहतो, कारण त्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठा भ्रंश आहे. उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली आणि खचलेल्या भागात नद्यांनी गाळ भरला. त्या गाळातल्या क्षारांनी खालचं पाणी खारं केलं. वरचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. त्यावर सागाचं जंगल आणि पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट.

त्यामुळे वर पडलेलं पाणी दोन वाटांनी निघतं. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या आतल्या दऱ्यांमधून तापीकडे जातात. चंद्रभागा, शहानूर, वान या दक्षिणेचा कडा उतरून पूर्णेला मिळतात. पुढं पूर्णाही जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीलाच मिळते. दक्षिणेच्या या नद्यांवर पायथ्याशी धरणं झाली आणि शहानूर, वानचं पाणी नळानं खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत पोचलं. दर्यापूरकडच्या घरात माठ भरतो तो मेळघाटच्या पावसानं. म्हणून हा डोंगर आपल्याला परका नाही. आपण रोज त्याचंच पाणी पितो.

दोन किल्ले, एक घराणं

चिखलदऱ्याला आलेला प्रवासी देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल पाहतो. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, ही इथली कथा ऐकतो आणि परततो. गाविलगडाला तो धावती भेट देतो. इथं निदान अर्धा दिवस काढावा. बहमनी सुलतान अहमदशाह वलीनं १४२५ मध्ये हा किल्ला बांधला. पुढं फतहउल्लाह इमाद-उल-मुल्कानं त्याची मोठी दुरुस्ती केली. हा फतहउल्लाह मूळचा विजयनगरकडचा हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. १४९० मध्ये त्यानं इमादशाही स्थापन केली. अचलपूर ही तिची राजधानी. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर मान वर करून नीट पाहा. दोन तोंडांचा गंडभेरुंड तिथं कोरलेला आहे. हा पक्षी विजयनगरच्या कलेत आणि नाण्यांवर दिसतो. एवढ्या उत्तरेला, सागाच्या जंगलात तो कसा आला, याचा माग या घराण्याच्या मुळाशी लागतो.

अकोलेकरांच्या वाट्याला आलेला जोडकिल्ला म्हणजे नरनाळा. अकोल्याहून अकोट साधारण ४५ किलोमीटर. तिथून पोपटखेडमार्गे शहानूरला जायचं, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि वर चढायचं. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले इथं एकमेकांना लागून आहेत. इथला महाकाली दरवाजा १४८७ चा आणि तोही फतहउल्लाहच्याच काळातला. पांढुरक्या वालुकाश्मावर कोरलेली कमळं, पुढं आलेले सज्जे, दगडी जाळ्या आणि कमानीवरचे अरबी लेख, असा हा दरवाजा वऱ्हाडातल्या कोरीवकामाचा उत्तम नमुना आहे. आत गेल्यावर तलाव पाहावेत. उंच माथ्यावर शिबंदी राहायची तर पावसाळ्याचं पाणी वर्षभर पुरवावं लागे, म्हणून तटाइतकंच लक्ष तलावांकडे दिलेलं दिसतं.

गाविलगड पडला तो डोंगराची रचना ओळखल्यामुळे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेचा कडा तोफांना दाद देणारा नव्हता, पण उत्तरेला किल्ला पठाराला जोडलेला आहे. कर्नल स्टीव्हन्सननं डोंगरातून वाट फोडत तोफा त्या बाजूला आणल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. आतला किल्ला मात्र मधल्या दरीनं वेगळा राहिलेला. तिथं कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून आत उडी घेतली आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. किल्ल्याच्या उत्तर बाजूला उभं राहून आधी पठाराकडे आणि मग खालच्या दरीकडे पाहिलं की ही सगळी हकीकत न वाचताही समजते.

समोरासमोरची घरं

मेळघाटचं मुख्य आदिवासी समाजजीवन कोरकूंचं. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे झारखंड-ओडिशाच्या संथाळी-मुंडारीची नातलग. मराठी आणि हिंदीच्या मधोमध ती आजही घराघरात बोलली जाते. मुंडा कुळातल्या भाषांमध्ये ही सर्वांत पश्चिमेची. आपल्या जिल्ह्यात एक वेगळं भाषाकुळ नांदतं, हे आपल्या शाळांमधून पोरांना आवर्जून सांगायला हवं.

कोरकूंचं गाव लांबूनही ओळखता येतं. मधून रुंद, सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड केलेल्या घरांच्या रांगा. भिंती बांबूच्या कुडाच्या, त्यावर माती-शेणाचा लेप. अंगण इतकं झाडलेलं की दाणा सांडला तर वेचून घ्यावा. गावाबाहेर झाडाखाली सागाच्या लाकडाचे कोरलेले खांब उभे असतात. ते मृतांच्या स्मरणाचे. सिडोली नावाचा विधी करून ते रोवतात. जवळ जाऊन पाहिलं तर वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार आणि कडेनं बारीक नक्षीच्या पट्ट्या दिसतात. छिन्नीचे घाव पावसानं बोथट झाले तरी चंद्राची कोर हाताला लागते. ही जागा श्रद्धेची आहे. गावातल्या कुणाला विचारल्याशिवाय तिथं जाऊ नये आणि फोटो तर परवानगीशिवाय काढूच नये.

सणांत मोठी होळी. ती इथं पाच दिवस चालते. रोजगारासाठी बाहेर गेलेली माणसं होळीला घरी परततात, बाया-पुरुष गादली-सुसून नाचतात आणि मेघनाथाची पूजा होते. रस्त्यात फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला पोरं उभी राहिली तर गाडी थांबवून आनंदानं द्यावा. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत बासरी आणि घुंगरू घेऊन गुराखी नाचत येतात. त्याला घुंगरू बाजार म्हणतात.

डोंगराचं ताट

डोंगरात काय खातात, हे उतार आणि अंतर ठरवतात. उतारावरची जमीन पातळ आणि दगडाळ. तिथं कुटकी, कोदो, सावा ही बारीक धान्यं येतात. त्यांना खत-पाणी कमी लागतं, ती लवकर हाती येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. नेपाळच्या डोंगरात नाचणीचा ढिंडो खातात, भूतानच्या बुमथांगमध्ये कुट्टूच्या पिठावर गुजराण होते, त्यामागचं कारणही हेच. कुटकीचं टरफल काढणं फार कष्टाचं. उखळात कांडायचं, सुपानं पाखडायचं आणि पुन्हा कांडायचं. शिजल्यावर तिचा दाणा मोकळा, किंचित करडा दिसतो. डाळीबरोबर तो पोटभर होतो. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि बांबूचे कोवळे कोंब असतात, उन्हाळ्यात चारोळी आणि टेंभुर्णी. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली असतात, कारण ऊन चढलं की फुलं कोमेजतात. वाळवलेली फुलं घरात खातात आणि विकतातही. बियांचं तेल निघतं.

दुधाची गोष्ट वेगळी. मोथा, शहापूर या चिखलदऱ्याजवळच्या गावांत गवळी समाज म्हशी पाळतो. दूध खालच्या बाजारात नेईपर्यंत नासायचं, म्हणून ते वरच आटवायचं. आल्प्समध्ये उन्हाळी कुरणांवर चीज होऊ लागलं तेही याच अडचणीतून. मोठी लोखंडी कढई, खाली लाकडांचा जाळ आणि उलथनं एक क्षणही थांबवायचं नाही. दूध कडेला लागलं की खव्याला करपट वास येतो, म्हणून सगळं कसब मनगटात. शेवटी दूध कढई सोडून गोळा होऊ लागतं, तूप सुटतं आणि जाळ ओढून घेतात. रबडीला मात्र घाई चालत नाही. साय धरू द्यायची, कडेला ओढायची, पुन्हा धरू द्यायची. चिखलदऱ्यात आणि सेमाडोहला रस्त्यावरच्या दुकानांत ती मिळते. त्यातले सायीचे पदर जिभेला वेगवेगळे लागले पाहिजेत.

याच उंचीमुळे इंग्रजी अमदानीत चिखलदऱ्यात कॉफी लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ते हे ठिकाण. अलीकडे मोथ्याकडे स्ट्रॉबेरीही होते आणि आमझरी 'मधाचं गाव' म्हणून पुढं आलं आहे.

पैसा कुणाच्या हाती

मेळघाटची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. व्याघ्र प्रकल्प १९७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघ, गवा आणि १८८४ नंतर नाहीसा समजला गेलेला रानपिंगळा इथं आहे. १९९७ मध्ये हा पक्षी आधी शहाद्याजवळ आणि पुढं मेळघाटातही सापडला. जंगल राखलं गेलं, पण त्यासाठी अनेक गावं आपली घरं सोडून खाली उतरली. त्यातली कित्येक आता अकोट, तेल्हारा तालुक्यांत सपाटीवर नव्यानं बसली आहेत. डोंगरात वाढलेल्या माणसाला सपाटीची शेती आणि मजुरी शिकावी लागते. बालमृत्यू आणि कुपोषणानं मेळघाट नव्वदच्या दशकात देशभर गाजला. ते दुखणं अजून संपलेलं नाही.

म्हणून प्रवाशानं खर्च कुठं करायचा हे ठरवून जावं. खवा गवळ्याच्या दारातून घ्यावा, कुटकी आणि चारोळी आठवडी बाजारात वेचणाऱ्या बाईकडून घ्यावी आणि भावावर घासाघीस करू नये. धारणीजवळच्या लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथं कारागिरांच्या हातच्या वस्तू मिळतात. डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकूंचं गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं उजाड टेकडीवर झाडं लावली, पाणी अडवलं, जंगल राखलं आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत पोचवली. ज्यांचं जगणं त्या डोंगरावर चालतं, त्यांच्या हाती तो दिला की दोघंही तगतात, हे या गावानं करून दाखवलं आहे.

खालच्या गावांना गोडं पाणी हवं असेल तर वरचं जंगल उभं राहिलं पाहिजे आणि जंगल उभं राहायचं तर त्यात राहणाऱ्या माणसाला तिथं पोटभर मिळालं पाहिजे. वऱ्हाडातल्या प्रवाशानं मेळघाटात जाताना एवढं ध्यानात ठेवलं, तरी त्याची सहल त्या डोंगराच्या उपयोगी पडेल.

पुढच्या लेखांकात मुक्तागिरी. परतवाड्याहून मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की लगेच येणारी बावन्न जैन मंदिरं, त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा आणि वऱ्हाडातून तिथं जाणारी यात्रेकरूंची वाट.