‘एलिमॉसिनरी’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

‘एलिमॉसिनरी’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘धर्मादाय’ असा आहे. दानरूपाने दिलेली वस्तू आणि दानावर चालणारी संस्था या दोहोंसाठी ते योजले जाते.

ग्रीक भाषेत ‘एलेओस’ म्हणजे करुणा. त्यापासून दयावाचक ‘एलेएमोसीने’ हा शब्द झाला आणि पुढे तो दानासाठी रूढ झाला. लॅटिनमार्गे तो इंग्रजीत दोन रूपांनी आला. लोकांच्या तोंडी झिजून त्याचे ‘आम्झ’, म्हणजे भिक्षा, झाले. विद्वानांनी मात्र लॅटिन रूप जवळजवळ जसेच्या तसे उचलले. मराठीतील तद्भव ‘भीक’ आणि तत्सम ‘भिक्षा’ ही जोडी येथे आठवावी. मूळ एकच असूनही ‘भिक्षा’ शब्दाला असलेली प्रतिष्ठा ‘भीक’ शब्दाला उरलेली नाही.

‘एलिमॉसिनरी’ प्रामुख्याने कायद्याच्या भाषेत टिकला. 1819 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डार्टमथ कॉलेज ही खासगी ‘एलिमॉसिनरी’ संस्था असल्याचे ठरवले. त्यामुळे राज्य विधिमंडळाला तिची सनद परस्पर बदलता आली नाही. शब्दाच्या अर्थावर संस्थेचे स्वातंत्र्य कसे अवलंबून असते, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

स्वाध्याय : एकाच मुळापासून आलेल्या, परंतु अर्थच्छटा भिन्न असलेल्या तीन मराठी शब्दजोड्या लिहा.