साठीनंतरचा वाद्यवृंद

सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन, तीस वर्षे पेटीत पडून राहिलेले अ‍ॅकॉर्डियन पुन्हा गळ्यात अडकवून, समवयस्कांच्या हौशी वाद्यवृंदात जुनी चित्रपटगीते वाजवू लागलेल्या गृहस्थाची बोटे, गीताचे शब्द विस्मृतीत गेले असतानाही, आपल्या जागी आपसूक पडतात, याचे कारण असे की अंगवळणी पडलेल्या हालचालींची नोंद लहान मेंदूसारख्या निराळ्याच दप्तरी दाखल असते आणि ती नावे-तारखांच्या स्मृतीहून पुष्कळ चिवट असते. केवढे हे आश्वासन! कानाचे मात्र तसे नाही. शंखाकृती अंतःकर्णाच्या प्रवेशापाशी असलेल्या, उच्च कंपनसंख्येचे स्वर टिपणाऱ्या रोमपेशी बहुधा प्रथम झिजतात, व त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डग्ग्याचा घुमारा शाबूत राहतो, परंतु झांजेचा झणत्कार मंदावतो. आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला, तर ८५ डेसिबलच्या वरचा दीर्घ सहवास उरलेल्या पेशींनाही घातक ठरतो.