अंथरुणावरच्या रुग्णाची कातडी ओलीने सोलवटते? पातळ संरक्षक लेप असा लावा

वडीगोद्री (ता. अंबड) : घरात कुणाला लकवा मारला, खुब्याचं हाड मोडलं किंवा म्हातारपणात लघवी-संडासवरचा ताबा गेला, की डायपर आलाच. घरचे कापूस वेचायला गेले तर सकाळी बांधलेला डायपर दुपारपर्यंत तसाच राहतो. मग जांघा, ढुंगण लाल होतं, आग होते, कातडी सोलवटते. अशा वेळी मोठ्या मेडिकलमध्ये मिळणारी 'बॅरिअर फिल्म' म्हणजे पातळ संरक्षक लेप कामी येतो. मात्र तो नीट लावला तरच.

कातडी का सोलवटते?
ओलीत भिजून कातडी मऊ पडते. लघवीतून अमोनिया तयार होतो, तर संडासातले पाचक रस कातडीला खातात. वारंवार साबण लावल्यानेही कातडी आणखी कमजोर होते.

लेप काय करतो?
स्प्रे किंवा फोमच्या काडीने लावलेला हा लेप साधारण अर्ध्या मिनिटात सुकतो आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्यामुळे ओल थेट कातडीला लागत नाही.

लावण्याची पद्धत
१. कोमट पाण्याने अलगद धुवा, घासू नका.
२. मऊ कापडाने टिपून कोरडं करा.
३. एकच पातळ थर लावा. घडीची जागा सुकेपर्यंत उघडी धरा.
४. लेप पूर्ण सुकल्यावरच डायपर बांधा.
काही लेप ७२ तासांपर्यंत टिकतात. संडास वारंवार होत असेल तर रोज लावावा लागतो. पाकिटावरची सूचना आधी वाचा.

या चुका टाळा
खाली तेल, मलम किंवा पावडर असेल तर लेप चिकटत नाही. सोलवटलेल्या जागी हळद, राख लावू नये. स्पिरिट असलेला लेप जखमेवर झोंबतो, म्हणून 'अल्कोहोल नसलेला' मागा. काही लेप ओले असताना पेट घेऊ शकतात. चूल, विडी लांब ठेवा.

लेप महाग वाटला तर झिंक ऑक्साईडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थरही ओल अडवतो. मात्र लेप आणि मलम एकावर एक लावू नका.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?
पू, घाण वास, ताप किंवा लाल भागाभोवती बारीक पुरळ दिसलं तर बुरशी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. माकडहाडावर, टाचेवर काळी किंवा खोल जखम झाली तर तो दाबाने झालेला बेडसोर असू शकतो. तिथे लेपावर भागत नाही. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्या.

लेप लावला म्हणून ओला डायपर तसाच ठेवू नये. शेतात जाताना दुपारी डायपर बदलायला घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी सांगून जा.