विहिरीचा हिशेब आणि मुलीची पीएच.डी.

‘बी.ए. झालं, एम.ए. झालं, आता आणखी पाच-सहा वर्षं कशाला?’ मुलीने पीएच.डी.चं नाव काढलं की आपल्या घरांत हा प्रश्न ठरलेला. त्यातून तिचा विषय ‘शाश्वत विकासाचं अर्थशास्त्र’ असला तर अम्मी-अब्बा अधिकच गोंधळतात. प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, पण उत्तर देण्याआधी हा विषय काय आहे ते समजून घेऊ या.

एखाद्या घराने तांब्याची भांडी विकली आणि ते पैसे महिन्याच्या कमाईत धरले, तर वहीत बरकत दिसेल, पण घर रिकामं होत जाईल. देशांचा हिशेब पुष्कळदा असाच मांडला जातो. उपसलेलं पाणी आणि तोडलेलं जंगल उत्पन्नात धरतात, पण घटलेला साठा कुठे लिहीत नाहीत. ढाक्यात जन्मलेले केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी २०२१ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याला दिलेल्या अहवालात हीच उणीव दाखवली. ती भरून काढणं हे या विषयाचं काम आहे.

यातलं संशोधन कसं असतं, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या प्रबंधावरून कळतं. लॉस एंजेलिसजवळ भूजल इतकं उपसलं गेलं होतं की जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी शिरू लागलं होतं. उपसा करणाऱ्यांनी एकत्र येऊन, वाटाघाटी करून, न्यायालयाची मदत घेऊन तो कसा कमी केला, याचा अभ्यास करून त्यांनी १९६५ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी दाखवून दिलं की सामायिक पाणी, कुरण किंवा जंगल लोक स्वतः सांभाळू शकतात. मात्र हक्कदार कोण ते ठरलेलं हवं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, देखरेख हवी आणि दंड चुकीच्या मानाने वाढणारा हवा. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

असे प्रश्न आपल्या दारातही आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्याप्रमाणे पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअरवेल तिथे वर्ज्य आहे. एका गावाला जमलं ते शेजारच्या गावांना का जमत नाही? शेताची वीज स्वस्त झाली तर उपसा किती वाढतो? ज्या मुलीने उन्हाळ्यात टँकरमागे घागर धरली आहे, तिला हे प्रश्न पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. मात्र उत्तर पुराव्याने द्यावं लागतं. गावोगाव माहिती गोळा करायची, ती आकड्यांत तपासायची आणि तज्ज्ञांसमोर टिकवायची, यात वर्षं जातात.

इथे गणित आडवं येतं. ऑस्ट्रॉम यांना शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती. गणिताच्या कमतरतेमुळे अर्थशास्त्र विभागाने त्यांना पीएच.डी.ला प्रवेश नाकारला आणि त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. आमच्या वर्गातल्या हुशार मुलीही दहावीनंतर गणिताला सलाम करतात. ‘मुलीला काय करायचंय गणित?’ हे वाक्य आम्ही पालकसभेत आजही ऐकतो. अकरावीला कला शाखा घेतली तरी गणित ठेवता येत असेल तर ठेवावं. पुण्याची १९३० ची गोखले संस्था आणि रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावला स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था महाराष्ट्रातच आहेत.

आता पैशांचं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप नव्या विद्यार्थ्यांसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणून यूजीसीच्या नेट परीक्षेतली जेआरएफ अधिक महत्त्वाची झाली आहे. जानेवारी २०२३ पासून तिचे पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. वयाची अट ३० वर्षांची आहे, मुलींना पाच वर्षांची सवलत आहे.

लग्नाची काळजीही आम्ही जाणतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात. स्त्रियांना वाढीव मुदत मिळू शकते, एकूण दहा वर्षांपर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. म्हणजे निकाह झाला म्हणून अभ्यास थांबलाच पाहिजे असं नाही. फक्त ही गोष्ट रिश्ता ठरवताना दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलून घ्यावी, नंतरवर टाकू नये.

प्रत्येक मुलीने पीएच.डी. करावी असं आमचं म्हणणं नाही. पण जिला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, तिला ‘कशाला?’ विचारल्यावर तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. पुढच्या पिढीच्या विहिरीत पाणी असेल की नाही, हे ती शोधू पाहते आहे.