आग विझल्यानंतरचे कर्तव्य

२५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी, वाईनजीकच्या मांढरदेवच्या डोंगरावर काळुबाईच्या यात्रेत जो अनर्थ ओढवला, त्याची आठवण सातारा जिल्ह्याच्या मनातून कधीही पुसली जाणार नाही. अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरी, वाटेलगतच्या दुकानांना लागलेली आग आणि त्या आगीत झालेले गॅस सिलिंडरांचे स्फोट अशा तिहेरी संकटात सुमारे ३०० भाविकांनी प्राण गमावले. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली; गडावरील पशुबळीस बंदी झाली. अनर्थ का घडला, याचा विचार आपल्याकडे निदान होतो तरी. परंतु तो घडून गेल्यावर जखमींनी कोठे जावे, मृतांच्या आप्तांनी कोणास विचारावे आणि या साऱ्याची सूत्रे कोणी हाती घ्यावीत, याचा विचार मात्र तितक्या कसोशीने होत नाही.

भाजलेल्या मनुष्याचा उपचार हा इतर जखमांच्या उपचाराहून वेगळा असतो. होरपळलेल्या त्वचेवाटे शरीरातील द्रव झपाट्याने कमी होतो आणि तो शिरेवाटे भरून काढावा लागतो. पहिल्या २४ तासांत द्यावयाच्या द्रवाचा निम्मा भाग पहिल्या ८ तासांतच द्यावा, असा वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. आणि हे तास रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजावयाचे असतात. म्हणजे डोंगरावरून खाली येण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरण्यात गेलेला प्रत्येक तास या मुदतीतूनच वजा होतो. ज्या रुग्णाबरोबर भाजल्याची वेळ आणि दिलेले उपचार यांची साधी चिठ्ठीही नाही, त्याचा डॉक्टर हिशेब कोठून मांडणार?

दुसरी अडचण गर्दीची. मोठ्या अपघातानंतर ज्यांना चालता येते ते आधी आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयात पोहोचतात. जे मरणाच्या दारी असतात ते मागाहून येतात, तेव्हा खाटा भरलेल्या असतात. म्हणून घटनास्थळीच तीव्रतेनुसार जखमींची वर्गवारी करून कोणास कोठे न्यावयाचे हे एकाच अधिकाऱ्याने ठरविणे अगत्याचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावते ही समाधानाची गोष्ट होय. पण कोणत्या रुग्णालयात जागा शिल्लक आहे हे चालकास कोणी सांगितले नाही, तर वेगवान वाहनाचा उपयोग तो काय?

या दृष्टीने सातारा व सांगली हे दोन जिल्हे एकच प्रदेश मानावयास हवेत. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाहत जाते. रुग्णांची वाटही बहुधा तीच. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयापासून मिरजेची वैद्यकनगरी म्हणून ख्याती झाली आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कऱ्हाडात कृष्णा रुग्णालय आहे. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साधने अगदीच अपुरी आहेत असे नव्हे. उणीव आहे ती त्यांना एका सूत्रात ओवण्याची. जिल्ह्याची हद्द कागदपत्रांस कळते. भाजलेल्या देहास ती कळत नाही.

आता आप्तांचा विचार करू. ज्याचा मुलगा सापडत नाही असा बाप एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात, तेथून शवागारात, तेथून पोलीस ठाण्यात आणि अखेरीस तहसील कचेरीत हिंडत राहतो. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, तेच कागद. अमेरिकेतील बोस्टन शहरी २८ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोनट ग्रोव्ह या करमणूकगृहास आग लागून ४९२ माणसे दगावली. त्यानंतर एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने त्या आगीतून वाचलेल्यांचा व मृतांच्या आप्तांचा अभ्यास केला आणि १९४४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शोकाकुलांची विचारपूस हाही वैद्यकाचाच विषय आहे, ही जाणीव तेथून दृढ झाली. आपल्याकडे मात्र ते काम आजही शेजारीपाजारी आणि भाऊबंद यांच्यावरच सोपवलेले असते.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. मांढरदेवच्या अनर्थाच्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणाची तरतूद आहे. मदतीचे किमान निकष ठरवताना वैद्यकीय साहाय्य, विधवा व अनाथ यांची विशेष सोय आणि सानुग्रह अनुदान यांचा स्पष्ट निर्देश आहे. परंतु कलम असणे आणि मदत हातात पडणे यांत किती अंतर असते, हे हरियाणातील डबवालीने दाखवून दिले. २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडप पेटून तेथे ४४२ जणांचा अंत झाला, त्यांत बहुसंख्य मुले होती. भरपाईचा उच्च न्यायालयाचा निर्णय लागला २००९ मध्ये. होरपळलेले मूल तोवर प्रौढ झाले होते.

म्हणून आमची सूचना अशी. दोन्ही जिल्हे पुणे विभागात मोडतात. विभागीय आयुक्तांनी त्यांची एकत्रित योजना आखावी. शासकीय व खासगी रुग्णालयांतील भाजलेल्यांसाठीच्या खाटांची नोंद रोज एका ठिकाणी असावी. दुर्घटनेनंतर जखमी, मृत व बेपत्ता यांची एकच यादी ठेवावी आणि ती ठरावीक वेळी जाहीर करावी. प्रत्येक कुटुंबास एक कर्मचारी नेमून द्यावा. पंचनामा, मृत्यूचा दाखला आणि अनुदानाचा अर्ज त्याच्याच हातून मार्गी लागावा. भाजलेल्यांवरील शस्त्रक्रिया अनेकदा वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा ही देखरेख पहिल्या महिन्यातच संपू नये. आणि ही सारी योजना यात्रेच्या आधी एकदा प्रत्यक्ष तालीम करून पारखावी.

यापेक्षा आग लागूच नये याकडे लक्ष द्यावे, असे कोणी म्हणतील. ते योग्यच आहे. परंतु प्रतिबंध आणि उपचार ही परस्परांची जागा घेणारी कर्तव्ये नव्हेत. नवे खाते वा नवी इमारत न उभारताही यातील बरेचसे काम आजच होण्याजोगे आहे. त्यास हवा आहे तो एक स्पष्ट आदेश आणि एक जबाबदार अधिकारी. काळुबाईच्या डोंगरावर दर पौषात माणसांचा पूर लोटतो. पुढच्या पौर्णिमेपूर्वी तो आदेश निघावा आणि त्या अधिकाऱ्याचे नाव जनतेस कळावे, एवढीच आमची मागणी आहे.